रांगेत वाढलेली मुलं

"सात हजार दोनशे अकरा," माझ्याकडे कागद घेऊन आलेली एक आई म्हणाली. मला आधी वाटलं, कसल्या तरी फीचा आकडा असेल. तो तिच्या मुलीच्या वयाचा होता, दिवसांत मोजलेला. एकवीस वर्षं पूर्ण व्हायला आणखी ४५९ दिवस. त्यात अकरा मिळवायचे, म्हणजे हातात ४७०. हे वरचे अकरा कुठून आले ते सांगायला थोडी जागा लागेल; पण मला जे म्हणायचं आहे ते बरंचसं त्या अकरातच आहे.

मी भाषांतराचं काम करते. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र. परक्या देशात वसू पाहणाऱ्या कुटुंबाच्या फायलीत जे जे लागतं ते माझ्या टेबलावरून जातं. प्रत्येक भाषांतराखाली, हे पूर्ण आणि अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात, असं लिहून मी सही करते. कायद्याचा सल्ला देणं माझं काम नाही, तो वकिलांनी द्यावा. पण एकाच मुलाचा तोच जन्मदाखला तीन-चारदा वेगवेगळ्या अर्जांसाठी हाताखालून गेला की आपलंही एक मत बनतं. कोणाला आत घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, हे मला मान्य आहे. ते ठरवायला हवा तितका वेळ लावण्याचा अधिकार मात्र कोणत्याच देशाला नसावा. निदान ज्या घरात मूल आहे त्या घराच्या बाबतीत तरी.

तर ते अकरा दिवस. ही मुलगी दोन वर्षांची असताना आईवडिलांबरोबर अमेरिकेत आली, वडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर. पुढे वडिलांच्या कंपनीने ग्रीन कार्डासाठी अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. मंजूर म्हणजे काय, तर माणूस पात्र आहे एवढं मान्य. कार्ड मिळेल ते नंबर लागल्यावर. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या आधारावर द्यायची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० ठरवली. त्यात नुसते नोकरदार धरलेले नाहीत. त्यांच्या बायका, नवरे, मुलं, सगळी याच आकड्यात मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांच्या वाट्याला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त कार्डं जात नाहीत. देश आइसलंडएवढा असो की भारताएवढा, टक्के तेच. त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब झाली आहे. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं. त्यात प्रत्येक रकान्यात एक तारीख असते. तिच्या आधी ज्यांचा अर्ज लागला त्यांचा नंबर आला. घराघरात हिला नुसतं 'डेट' म्हणतात. डेट सरकली, डेट अडकली. आणि कधी डेट मागे गेली. हो, मागेही जाते. मागच्या महिन्यात दारापर्यंत पोहोचलेला माणूस या महिन्यात पुन्हा वळणापलीकडे.

इकडे मूल २१ वर्षांचं झालं की कायद्याच्या भाषेत ते मूल राहत नाही आणि आईवडिलांच्या अर्जातून गळतं. याला 'एज आउट' होणं म्हणतात. २००२ साली यावर उपाय म्हणून चाइल्ड स्टेटस प्रोटेक्शन ॲक्ट आला. सरकारी दिरंगाईचा फटका मुलाला बसू नये म्हणून अर्ज जितके दिवस तपासणीत पडून राहिला तितके दिवस मुलाच्या वयातून वजा करायचे, अशी त्यातली योजना. ऐकायला छान. पण वजा होतात ते फक्त तपासणीचे दिवस. तपासून मंजूर झाल्यावर नंबर लागेपर्यंत जी वर्षं जातात ती वजा होत नाहीत, आणि खरा वेळ तर तिथेच जातो. आता गंमत बघा. जादा फी भरली तर तपासणी झटपट होते. त्याला 'प्रीमियम' म्हणतात. या मुलीच्या वडिलांच्या कंपनीने प्रीमियम भरला. अर्ज अकरा दिवसांत मंजूर झाला, घरात आनंदीआनंद. म्हणून मुलीच्या वयातून वजा होणार ते अकराच दिवस. तीच फाइल कोणाच्या तरी कपाटात दोन वर्षं धूळ खात पडली असती तर मुलीला दोन वर्षं मिळाली असती. काम चोख आणि वेळेत झालं, हाच तिचा तोटा.

एकविसाव्या वाढदिवसानंतर काय? तिने परदेशी विद्यार्थ्याचा, म्हणजे एफ-वन व्हिसा घ्यायचा, नाहीतर देश सोडायचा. बालवाडीपासून जिथे शिकली तिथेच परदेशी विद्यार्थिनी म्हणून नाव घालायचं. पुढे नोकरी मिळाली तर एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत नाव, आणि लॉटरी लागलीच तर वडील जिथून निघाले होते त्या रांगेच्या टोकाला उभं राहायचं, शून्यापासून. आईवडिलांना मध्येच कार्ड मिळालं तरी हिला त्याचा लगेच उपयोग नाही. लहानपणी बेकायदा आणल्या गेलेल्या मुलांसाठी २०१२ साली 'डाका' नावाची तात्पुरती सवलत निघाली. तिच्या अटींत एक अशी की १५ जून २०१२ रोजी तुमच्याकडे कायदेशीर दर्जा नसला पाहिजे. म्हणजे ज्यांच्या आईवडिलांनी प्रत्येक मुदत पाळली, प्रत्येक फॉर्म वेळेत भरला, त्यांची मुलं बाद. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी यांची अवस्था. डाकाच्या मुलांबद्दल माझ्या मनात काही वाकडं नाही, त्यांना मिळालं ते कमीच मिळालं. पण नियम पाळणाऱ्याला उघडं पाडणारा कायदा नियमांबद्दल आदर कसा निर्माण करणार, हे मला कळत नाही.

कुटुंबाच्या आधारावर येणाऱ्यांचं चित्र वेगळं नाही. २०१४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. एका अमेरिकन आजीने १९९८ साली आपल्या लेकीसाठी अर्ज केला, तेव्हा नातू तेरा वर्षांचा. २००५ साली लेकीचा नंबर लागला, आणि त्याच्या काही महिने आधी नातवाने एकविसावं ओलांडलेलं. लेक आत, नातू बाहेर. निदान आईची जुनी तारीख तरी त्याच्या नव्या अर्जाला लावा, अशी मागणी होती. पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली गेली. २००२ च्या कायद्याची वाक्यरचना संदिग्ध आहे आणि अशा वेळी सरकारी खात्याने लावलेला अर्थ वाजवी असेल तर तो धरायचा, असा बहुमताचा सूर होता. कायदा नीट लिहिला गेला नाही, एवढ्यावरून एका पिढीची ताटातूट.

हे टाळणं कायद्याला जमत नाही असं कोणी म्हणेल तर ते खरं नाही. त्याच २००२ च्या कायद्यात अमेरिकन नागरिकाच्या मुलाचं वय अर्ज दाखल झाल्या दिवशी गोठतं. निकाल कधीही लागो, मूल त्या दिवशी जेवढं होतं तेवढंच धरलं जातं. आश्रय मागणाऱ्यांच्या मुलांनाही हेच लागू. म्हणजे वय गोठवण्याची कळ कायद्याच्या हाताशी आहे, ती कोणासाठी दाबायची एवढाच प्रश्न. कॅनडात कायमच्या वास्तव्याच्या अर्जात मुलाचं वय साधारणपणे अर्जाच्या तारखेला धरतात, आणि २०१७ पासून तिथे २२ च्या आतलं अविवाहित मूल अवलंबून मानलं जातं. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये याच मुद्द्यावर निकाल दिला. इरिट्रियाची एक मुलगी एकटीच नेदरलँड्समध्ये पोहोचली, अठराच्या आत. आश्रयाचा अर्ज चालू असतानाच ती अठरा वर्षांची झाली, मग आश्रय मिळाला, मग तिने आईवडिलांना बोलावण्याची परवानगी मागितली. सरकार म्हणालं, तू आता सज्ञान, तुझा हक्क संपला. न्यायालयाने ते उडवून लावलं. कुटुंब एकत्र आणण्याचा हक्क अर्ज किती भरभर किंवा किती रेंगाळत तपासला गेला यावर अवलंबून ठेवला, तर सारख्या परिस्थितीतल्या दोन मुलांना वेगळा न्याय मिळेल, असं त्याचं म्हणणं. माझ्या मते या विषयावरचं इतकं सरळ कारण दुसरीकडे कुठे सापडत नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप मला पाठ आहे, कारण तो नातेवाईकांच्या तोंडूनही ऐकला आहे: अटी ठाऊक होत्या ना? मग तक्रार कशाला? आईवडिलांपुरता हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. डोळे उघडे ठेवून सौदा केला, फायदाही घेतला. पण दोन वर्षांच्या मुलीने कुठल्या कागदावर सही केली होती? आणि अटी तरी जागेवर राहतात कुठे? ब्रिटनने मे २०२५ च्या श्वेतपत्रिकेत कायमच्या वास्तव्यासाठीची पाच वर्षांची मुदत सर्वसाधारणपणे दहावर नेण्याचा प्रस्ताव मांडला, आणि जे आधीच चार वर्षं काढून बसले होते त्यांनाही हा नियम लागणार का यावर पुढे काहूर माजलं. त्याच देशात जोडीदाराला आणायला लागणारं किमान उत्पन्न २०१२ साली वर्षाला १८,६०० पौंड होतं. एप्रिल २०२४ मध्ये ते २९,००० झालं. मार्च २०२४ पासून वृद्धांची, आजाऱ्यांची शुश्रूषा करायला येणाऱ्यांना आपली मुलं, जोडीदार बरोबर आणायला बंदी झाली. दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला न्हाऊ घालायला या, स्वतःचं लेकरू मात्र तिकडेच ठेवा. या बंदीमागे आकडे कमी करण्याचा हेतू होता आणि आकडे कमी झालेही. हेतू सफल झाला म्हणून नियम योग्य ठरतो असं मात्र नाही.

माणसं हवीत पण कुटुंब नको, ही इच्छा नवी नाही, आणि तिची फजिती कशी होते हे जर्मनीने दाखवून दिलं आहे. पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीबरोबर आणि १९६१ साली तुर्कस्तानबरोबर कामगार आणण्याचे करार केले. त्यांना 'गास्टआर्बायटर' म्हणायचे, पाहुणे कामगार. तुर्कांसाठी कल्पना अशी की माणूस दोन वर्षं येईल, राबेल, परत जाईल, त्याच्या जागी दुसरा येईल. कुटुंबाचा प्रश्नच नाही. ही दोन वर्षांची अट १९६४ साली निघाली. तिच्याविरुद्ध जोर लावणाऱ्यांत कारखानदार होते: शिकवून तयार केलेला माणूस दर दोन वर्षांनी घालवून नवा का घ्यायचा? मग तेलाचं संकट आलं आणि नोव्हेंबर १९७३ मध्ये भरतीच बंद झाली. सरकारची अपेक्षा होती की आता हळूहळू सगळे जातील. झालं उलटं. तोवर लोक जाऊन-येऊन होते. आता एकदा गेलो तर परत येता येणार नाही हे कळल्यावर अनेकांनी जाणंच सोडलं आणि बायकामुलांना बोलावून घेतलं. दार बंद झालं, आणि नेमकं त्या बंद दारानेच घर वसवलं.

त्या घरांत जन्मलेली मुलं मात्र पाहुणीच राहिली, कारण जर्मनीचा १९१३ चा कायदा रक्त बघत होता, जन्मभूमी नव्हे. तिथेच जन्मलेला, तिथेच शिकलेला, क्वचित दुसरी कुठली भाषा धड न येणारा तरुण तुर्की पासपोर्टवर वास्तव्याचा परवाना वाढवून घेत राहिला. १ जानेवारी २००० पासून पालक आठ वर्षं कायदेशीर राहिले असतील तर जन्माने नागरिकत्व मिळू लागलं. तेही अशा अटीवर की तेविसाव्या वर्षापर्यंत दोनपैकी एक पासपोर्ट सोडायचा. ती अट २०१४ साली सैल झाली. दुहेरी नागरिकत्व सर्वांना खुलं झालं जून २०२४ मध्ये. करारापासून मोजलं तर त्रेसष्ट वर्षं. पहिला पाहुणा तोवर पणजोबा झाला असेल. एवढा काळ भिजत पडलेल्या घोंगड्याला धोरण म्हणायचं का, हा प्रश्न मी वाचकांवर सोडते.

रांग मोडू नका, असंही म्हणतात. जणू एकच रांग आहे आणि सगळे तिच्यात सारखे उभे आहेत. एकाच कार्यालयात शेजारी-शेजारी बसणाऱ्या दोघांचा अर्ज एकाच दिवशी लागतो. एकाला दोन-तीन वर्षांत कार्ड मिळतं, दुसऱ्याच्या मुलीचं तोवर कॉलेज होतं. फरक जन्म कुठे झाला एवढाच. नागरिकत्व कोणतंही असो, देश धरतात तो जन्माचा. ऑस्ट्रेलियात तर रांगेचं टोकच दिसत नाही. आईवडिलांना बोलावण्याचे दोन रस्ते आहेत, एक भरमसाट पैसे भरून आणि एक साधा. साध्या रस्त्याने गेलं तर प्रतीक्षा तीस वर्षांच्या आसपास, असं तिथलं सरकारच जाहीर करतं. साठीतल्या आईसाठी आज अर्ज केला तर उत्तर येईल ते ती नव्वदीत असताना. ज्या अर्जाचा निकाल अर्जदाराच्या हयातीत लागण्याची शक्यता कमी, तो अर्ज स्वीकारून त्याची फी घेण्यापेक्षा सरळ 'नाही' म्हणणं जास्त सभ्यपणाचं आहे. नकारावर माणूस रडतो आणि दुसरी वाट धरतो. ओसरीवर बसवून ठेवलेल्या माणसाला तेवढंही करता येत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनी खोड आहे. कायदा कुटुंबातला एकच माणूस खरा धरतो आणि बाकीच्यांना त्याच्या शेपटाला बांधतो. शब्दच बघा: 'डिपेंडंट'. १९०७ च्या कायद्याने परदेशी माणसाशी लग्न करणाऱ्या अमेरिकन बाईचं नागरिकत्वच जायचं. ते बरंचसं १९२२ साली दुरुस्त झालं. आजही नोकरीच्या व्हिसावरच्या माणसाची बायको, भले ती त्याच्यापेक्षा जास्त शिकलेली असो, त्याच्या दर्जावर तोललेली असते. घटस्फोट झाला, नोकरी गेली, नवरा वारला, की सगळ्यांचे कागद एकदम कोसळतात. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालं आणि दोन वर्षांच्या आत, कार्ड यायच्या आधी तो वारला, तर विधवेचा अर्ज पूर्वी बाद व्हायचा. त्याला 'विडो पेनल्टी' म्हणत. विधवा झाल्याबद्दल दंड. ऑक्टोबर २००९ मध्ये तो रद्द झाला.

एका माणसाच्या कागदावर घर टांगून ठेवलं की काय होतं याचं उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचं आहे. वैष्णो दास बगाई १९१५ साली पत्नी कला आणि तीन मुलांसह सॅन फ्रान्सिस्कोला उतरले. दुकान काढलं, १९२१ साली नागरिकत्व मिळालं. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही आणि म्हणून नागरिक होण्यास पात्र नाही. ज्यांना आधी नागरिकत्व मिळालं होतं त्यांचंही काढून घ्यायला सरकारने सुरुवात केली. बगाईंचं नागरिकत्व गेलं, त्याबरोबर कॅलिफोर्नियाच्या जमीन कायद्यामुळे मालमत्ता बाळगण्याचा हक्क गेला, दुकान गेलं. १९२८ साली त्यांनी आत्महत्या केली. कलाबाई मुलांना घेऊन तिथेच राहिल्या, त्यांना शिकवलं, आणि १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचं दार उघडल्यावर स्वतः नागरिक झाल्या. बर्कलीतल्या एका रस्त्याला आता त्यांचं नाव आहे. हा इतिहास सांगताना बहुतेक जण वैष्णो दासांपाशी थांबतात. मला कलाबाईंची ती वर्षं जास्त अस्वस्थ करतात. त्या काळात त्या देशाच्या कायद्यापुढे त्यांची ओळख काय होती? ज्याचं नागरिकत्व काढून घेतलं त्याची विधवा.

आपण परदेशी कायद्यांवर बोटं मोडतो तेव्हा आरसाही जवळ ठेवावा. भारतात १ जुलै १९८७ च्या आधी जन्मलेला जवळजवळ प्रत्येक जण जन्मानेच नागरिक होता, आईवडील कुठलेही असोत. त्यानंतर जन्मलेल्यासाठी आईवडिलांपैकी एक नागरिक असणं आवश्यक झालं, आणि ३ डिसेंबर २००४ पासून एक नागरिक असला तरी दुसरा बेकायदा स्थलांतरित असेल तर मूल नागरिक नाही. श्रीलंकेतून १९८३ नंतर तमिळनाडूत आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांत आता तिसरी पिढी आहे. इथेच जन्मलेली, इथल्या शाळेत शिकलेली ही मुलं, आईवडील दोघेही परके म्हणून परकीच. २०१९ च्या दुरुस्तीत शेजारच्या तीन देशांतल्या सहा धर्मीयांना मुदतीत सवलत मिळाली. त्या तीन देशांत श्रीलंका नव्हती. अमेरिकेतल्या आपल्या भाचरांसाठी हळहळणाऱ्यांपैकी कितीजणांना या छावण्यांची आठवण होते, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला आणि उत्तर सुखाचं नव्हतं. परदेशी स्त्रीशी लग्न करून संसार मांडलेल्या भारतीयाच्या बायकोला नोंदणीने नागरिक होण्याआधी इथे सात वर्षं काढावी लागतात, तेही जाता जाता नोंदवते.

मग करायचं काय? जन्मला तो नागरिक, हा नियम सगळीकडे ठेवावा असा माझा हट्ट नाही. ब्रिटनने तो १९८३ पासून सोडला, ऑस्ट्रेलियाने १९८६ साली, आयर्लंडने २००४ च्या सार्वमताने. अमेरिकेत तो १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीतून आला आणि १८९८ साली वाँग किम आर्क यांच्या खटल्यात पक्का झाला. जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी आदेश काढून तात्पुरत्या व्हिसावर कायदेशीर राहणाऱ्या आईच्या मुलालाही, वडील नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक नसतील तर, त्यातून वगळायचा प्रयत्न केला आणि प्रकरण न्यायालयांत गेलं. नुसतं जन्माचं ठिकाण हा तसा योगायोगच असतो, हा युक्तिवाद मला समजतो. पण आईवडिलांचे कागद हाही मुलाच्या दृष्टीने योगायोगच. या दोन्हींपेक्षा जास्त वजनदार अशी एक गोष्ट आहे: मूल तिथे वाढलं किती वर्षं. ऑस्ट्रेलियाने जन्माचा नियम सोडताना ही बाजू सांभाळली. तिथे जन्मलेलं आणि सर्वसाधारणपणे तिथेच राहिलेलं मूल दहाव्या वाढदिवशी आपोआप नागरिक होतं, आईवडिलांचा दर्जा काहीही असो. अर्ज मंजूर व्हावा लागत नाही. ते त्या दिवशी नागरिक असतंच, कागद नंतर पुराव्यापुरता. फ्रान्समध्ये जन्मलेलं परदेशी पालकांचं मूल, अकराव्या वर्षानंतर एकूण पाच वर्षं तिथे राहिलं असेल आणि अठरा पूर्ण होताना तिथेच राहत असेल, तर नागरिक होतं. ब्रिटनमध्येही दहा वर्षांचा नियम आहे, पण नोंदणी करून आणि फी भरून. २०१९ साली ती फी १,०१२ पौंड होती. त्यातला प्रत्यक्ष कामाचा खर्च ३७२ पौंड, बाकी सरकारची कमाई. उच्च न्यायालयाने त्या डिसेंबरात ही फी बेकायदा ठरवली, कारण ठरवताना मुलांच्या हिताचा विचारच झाला नव्हता. २०२२ पासून ऐपत नसलेल्यांना माफी आहे. हे तिन्ही नियम त्या त्या देशात जन्मलेल्यांसाठी आहेत. दोन वर्षांची असताना आलेल्या मुलीला यातला एकही लागू होत नाही, आणि दोन वर्षांच्या वयाने नेमका काय फरक पडतो हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

बाकी उपाय साधे आहेत, त्यांना क्रांती लागत नाही. अर्ज लागला त्या दिवशी मुलाचं वय गोठवा. कोट्यात माणसं मोजताना मुलांना वगळा. आणि सरकारने स्वतःवर एक मुदत घालून घ्यावी: इतक्या वर्षांत निकाल दिला नाही तर मूल आणि जोडीदार यांचा दर्जा मुख्य अर्जदारापासून सुटा होईल, त्यांना आपल्या नावाने राहता आणि काम करता येईल. दरवर्षीच्या कोट्याचा आकडा याने बदलत नाही. तो आकडा लहान ठेवायचा असेल तर ठेवा, पण मग आरंभीच तेवढ्यांनाच बोलवा. कामाला दहा बोलवायचे, कार्ड एकाला द्यायचं आणि नऊ जणांना वर्षानुवर्षं तात्पुरते परवाने वाढवून देत राहायचे, यात मालकाचं साधतं, कराचं साधतं. मुलांचं साधत नाही. २०२१ पासून अमेरिकेच्या संसदेत या मुलांसाठी एक विधेयक दोन्ही पक्षांच्या सह्यांनी मांडलं गेलं आहे. तेही रांगेत आहे.

ती आई आणि मुलगी महिन्याभराने पुन्हा आल्या. दरम्यान नवं बुलेटिन निघालं होतं. डेट दोन आठवडे सरकली होती, मुलगी तीस दिवसांनी मोठी झाली होती. वकिलांनी विद्यार्थी व्हिसाची तयारी ठेवायला सांगितली होती, म्हणून जन्मदाखल्याची नवी सही हवी होती. मी सही केली. आईने पिशवीतून फॉर्मची प्रत काढली. विद्यार्थी म्हणून राहायचं तर मायदेशी घर आहे आणि शिकून झाल्यावर तिथे परत जायचं आहे, हे दाखवावं लागतं. एका रकान्यात परदेशातला पत्ता विचारला होता.

"ताई, इथे काय लिहू? आम्ही निघालो ती जागा भाड्याची होती. आजीचं घर चार वर्षांपूर्वी विकलं."

मुलगी फोनवरून मान वर न करता म्हणाली, "लागू नाही, असं लिही."

"असं चालत नाही गं," आई म्हणाली, आणि फॉर्म घडी करून वकिलांच्या पिशवीत टाकला.